'नो सिग्नल' म्हणजे नक्की काय हो?

सिनेमा ऐन रंगात आलेला असताना टीव्हीचा पडदा काळा झाला की घराघरांत पुढची पाच मिनिटं काय होतं, ते सांगायला ज्योतिषी नको. बाबा उठतात आणि टीव्हीच्या मागे हात घालून एक वायर हलवतात (कोणती, हे महत्त्वाचं नसतं). धाकटा भाऊ रिमोट तळहातावर आपटतो. आई म्हणते, "बंद करून चालू करा." आजी म्हणते, "तापला असेल, जरा दम खाऊ दे त्याला." आणि काय आश्चर्य, चित्र येतं! मग शेवटी ज्याने जे केलेलं असतं, तो त्या घरातला रामबाण उपाय ठरतो. पुढच्या खेपेला बाण चुकतो, तेव्हा कंपनीचा माणूस बोलावला जातो.

या सगळ्या धावपळीत एकच जण शांत असतो. खुद्द टीव्ही! काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडे फिरवत बसतो. त्या चौकटीत दोन शब्द: 'नो सिग्नल'.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. (मी मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर संपादक मंडळाने लाल पेन जास्तीचे आणून ठेवलेत म्हणे. असो.) सांगायचा मुद्दा हा, की इंग्रजी मला बऱ्यापैकी वाचता येतं. पण 'नो सिग्नल' वाचून मला आमच्या आजीपेक्षा एक अक्षरही जास्त कळत नाही. त्या दोन शब्दांत माहितीच नाही, तर भाषा येऊन उपयोग काय? आणि बरेचदा ते दोन शब्द चक्क खोटे असतात. सिग्नल येत असतो. तो नीट येत नसतो, किंवा टीव्हीला पसंत नसतो, किंवा टीव्ही आणि प्लेयर यांचं आपसांत भांडण चालू असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: चित्र का गेलं हे यंत्राला बऱ्याच अंशी माहीत असतं. ते आपल्याला सांगत नाही, कारण सांगण्याची सोय कुणी केलेली नाही. ही सोय न करणारे लोक आपल्याच शाखेचे, आपल्यासारख्याच डिग्र्या घेऊन बाहेर पडलेले इंजिनिअर आहेत. अजून दोन-तीन वर्षांनी त्या खुर्चीत आपण असू. म्हणून हा खटाटोप.

आईबाबांच्या लहानपणी पुण्यात गच्चीगच्चीवर अँटेना असायचे आणि त्यांची तोंडं सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे. चित्र बिघडलं की काका गच्चीवर, बाबा जिन्यात आणि आजोबा टीव्हीसमोर, अशी साखळी लागायची.

"आलं का?"

"मुंग्या आहेत!"

"आता?"

"डबल दिसतंय!"

"आता?"

"आलं, आलं! हात सोडू नकोस!"

आपल्या कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत ही उत्तम क्लोज्ड लूप होती, फीडबॅकसकट. आणि मुख्य म्हणजे बिघाड बोलायचा. मुंग्या म्हणजे सिग्नल क्षीण. डबल चित्र म्हणजे जवळ नवी इमारत उठली, आणि तिच्यावर आपटून आलेली लहर मूळ लहरीपेक्षा किंचित उशिरा पोचतेय. पडद्यावर आडव्या रेघांचा पाऊस म्हणजे शेजारच्या काकू मिक्सरवर चटणी वाटतायत. यातल्या कुणीही इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी चढलेली नव्हती, पण रोगाचं निदान घरच्या घरी होत होतं.

मग डिजिटल आलं. केबल टीव्हीपुरतं बोलायचं तर मुंबईला ऑक्टोबर २०१२ अखेरची मुदत होती, पुण्यासह ३८ शहरांना मार्च २०१३ अखेरची. मला त्या मुंग्यांचा पुळका नाही बरं का. मी त्या धड पाहिलेल्याही नाहीत. चित्र आताचंच चांगलं, त्यात वाद नाही. पण ॲनालॉग चित्र उतारावरून घसरावं तसं बिघडायचं, आणि डिजिटल चित्र कड्यावरून पडतं. कड्याच्या टोकाशी एक पाऊल उरलं असलं तरी ते तितकंच देखणं दिसतं, आणि पुढच्या क्षणी अंधार. पुस्तकात याला 'क्लिफ इफेक्ट' असं नाव आहे. परीक्षेत दोन मार्कांना येतो. घरात आला की अकरा हजारांना पडतो, त्याची गोष्ट पुढे आहेच.

आधी ती केबल बघू. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाली. त्या चपट्या तोंडात १९ पिना असतात. आपला समज असा, की सगळ्यांतून चित्र वाहतं. वस्तुतः १२ पिना चित्र, आवाज आणि त्यांच्या घड्याळासाठी: चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या आवरणाला एकेक पिन. उरलेल्या ७ मुख्यतः बोलाचालीसाठी. प्लेयर आणि टीव्ही यांच्यात चित्र सुरू होण्याआधी रीतसर कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो!

म्हणजे असं. प्लेयर १८ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट देतो: "आम्ही आलो." टीव्ही १९ नंबरची पिन वर उचलतो: "या, बसा." या पिनेला 'हॉट प्लग डिटेक्ट' म्हणतात. मग १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून प्लेयर टीव्हीचा बायोडेटा वाचतो. त्याचं नाव ईडीआयडी. १२८-१२८ बाइटांचे तुकडे असतात, त्यात कंपनी कोणती, कुठली रेझोल्यूशन चालतात, सेकंदाला किती चित्रं झेपतात, सगळं लिहिलेलं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चेकसम. हे वाचन होतं आय-टू-सी या पद्धतीने. होय, तोच आय-टू-सी, ज्याची आकृती आपण मायक्रोकंट्रोलरच्या पेपरात डोळे झाकून काढतो आणि परीक्षेनंतर कायमचा विसरतो. तो रोज रात्री आपल्या हॉलमध्ये काम करत असतो. बायोडेटा जुळला, आणि चित्रपट कुलूपबंद असेल तर पत्रिका बघितली जाते. म्हणजे एचडीसीपी. तीही जुळली की मग चित्र.

गंमत अशी, की यातली कुठलीही पायरी फसली तरी आपल्याला दिसतं एकच. काळा पडदा.

तापाचं असंच असतं. मलेरिया असो, टायफॉइड असो, अंग गरमच लागणार. पण चांगला डॉक्टर कपाळाला हात लावून थांबत नाही. तो विचारतो, ताप कधी येतो? थंडी वाजून येतो का? एक दिवसाआड येतो का? काळ्या पडद्यालाही हेच प्रश्न विचारायला हवेत, कारण बिघाडाचं तोंड बंद केलं तरी त्याचं वेळापत्रक कुणी बंद करू शकलेलं नाही.

सिनेमा सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा, दोनेक सेकंद काळं होत असेल, तर तो आजारच नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो (पुष्कळदा नेमकी २३.९७६), आणि टीव्ही सहसा ६० वर चाललेला असतो. २४ ला ६० मध्ये बसवायचं तर एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, असं आळीपाळीने दाखवावं लागतं, आणि कॅमेरा आडवा फिरला की ते डोळ्यांना खुपतं. म्हणून प्लेयर टीव्हीला सांगतो, "आता तू २४ वर ये." टीव्ही पहिला सूर सोडून नव्याने सूर लावतो, तेवढा वेळ अंधार. कोडीसारख्या प्लेयरमध्ये हे सेटिंग बंद करता येतं. मी स्वतः चालू ठेवते. दोन सेकंदांचा अंधार परवडला, पण हिरो खिडकीसमोरून अडखळत गेलेला मला नाही चालत.

आधी पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके चमचमले आणि मग काळं झालं, तर संशय तारेवर. या ठिपक्यांकडे नीट बघा मंडळी, डिजिटल चित्राच्या जगात मुंग्यांची एवढी एकच वंशज शिल्लक आहे. एचडीएमआयच्या २.० पर्यंतच्या आवृत्त्यांत चित्राच्या बिटांना चूक दुरुस्त करणारा कोड नाही, त्यामुळे चुकलेला बिट तसाच ठिपका होऊन उमटतो. प्लेयरच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर वीजपुरवठा बघा. टीव्ही आधी लावला तर सगळं ठीक आणि प्लेयर आधी लावला तर चित्रच नाही, तर हॉट प्लगची भानगड, प्लेयर बायोडेटा मागायला गेला तेव्हा टीव्ही झोपलेला होता. आणि होस्टेलवाल्यांसाठी खास: गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून तुम्ही उठलात आणि मॉनिटर क्षणभर काळा झाला, तर भूतबाधा नाही. खुर्चीत साठलेली स्थिर वीज सुटते, तिचा झटका केबल पकडते आणि मॉनिटरचा सूर तुटतो. हा प्रकार चांगला नोंदलेला आहे.

आता ती अकरा हजारांची गोष्ट.

माझी मावशी चिंचवडला असते. मावसभाऊ सिंगापूरला. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याने तिला घरचा मीडिया प्लेयर करून दिला: रास्पबेरी पाय ४ आणि त्यावर कोडी. त्यात मावशीकडच्या डीव्हीडींवरची नाटकं आणि तो तिकडून पाठवतो ते नातवाचे व्हिडिओ. तो परत गेला आणि महिन्याभरात पडदा काळा व्हायला लागला. दोन सेकंद काळा, पाच मिनिटं ठीक, परत काळा. कधी चौकट फिरायची, कधी नुसताच अंधार. टीव्हीच्या कंपनीचा माणूस आला (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांची तऱ्हा सारखीच). त्याने टीव्ही बंद-चालू केला, प्लेयरकडे बघून नाक मुरडलं आणि सांगितलं, "मॅडम, मेनबोर्ड गेलाय. साडेअकरा हजार. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या." व्हिजिटचे पैसे वेगळे घेतले.

मावशीने मला फोन केला. फोनवर ती जे वाक्य बोलली ते मी आमच्या लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवावं म्हणते. "अगं, नाटक लावलं की काही होत नाही. नातू लावला की होतं. त्या माणसालाही सांगितलं मी, तर तो हसला."

हसला! निदान तिथे होतं. नाटकं डीव्हीडीवरची, ती प्लेयर १०८० मध्ये पाठवत होता. त्यासाठी १४८.५ मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं, म्हणजे चित्राच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला १४८.५ कोटी बिट. नातवाचे व्हिडिओ फोनवर काढलेले, ४के, सेकंदाला ३० चित्रं. भावाने कोडीत जसा व्हिडिओ तसं आउटपुट असं सेटिंग ठेवलं होतं, त्यामुळे तिथे घड्याळ २९७ मेगाहर्ट्झ, म्हणजे २९७ कोटी बिट. बरोब्बर दुप्पट. मेनबोर्डला नाटक आणि नातू यांत कमी-जास्त आवड असायचं कारण नाही, पण तारेला दुप्पट वेग झेपतो की नाही हा प्रश्न होता.

मी मावशीला दोन संध्याकाळी नोंदी ठेवायला सांगितल्या. तिने त्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी ठेवल्या: किती वाजता, काय चालू होतं, किती वेळ गेलं, आधी ठिपके दिसले का. ठिपके दिसले होते. मग शनिवारी मी गेले. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह एकदाही आलं नव्हतं, म्हणजे वीजपुरवठा सुटला. घरचे व्हिडिओ, त्यामुळे कुलपाचा प्रश्न नाही, एचडीसीपीही सुटलं. राहिली तार. आउटपुट १०८० वर बांधून टाकलं आणि सगळे व्हिडिओ लावून बघितले: तीन तासांत एकदाही काळं नाही. परत ४के वर नेलं: वीस मिनिटांत चार वेळा. टीव्ही भिंतीवर टांगलेला, आणि त्याच्या मागे तीन मीटरची केबल काटकोनात दाबून बसवलेली. वर रास्पबेरी पाय ४ चं तोंड बारीक, मायक्रो एचडीएमआयचं, म्हणून मध्ये एक जोडणी लावलेली. एवढ्या वेगाला प्रत्येक सांधा आणि प्रत्येक दुमड म्हणजे थोडं परावर्तन, थोडी गळती. (ट्रान्समिशन लाइन्सचा धडा! इम्पिडन्स मॅचिंग! स्मिथ चार्ट! ज्याला आपण "हे कुठे वापरायचंय" म्हणतो तो.) जोडणी काढली, एका टोकाला बारीक तोंड असलेली दीड मीटरची अखंड केबल आणली, मोकळी सोडली. सहाशे रुपये. नातू आता अखंड दिसतो.

माझी रूममेट हे ऐकून म्हणाली, "म्हणजे केबलच निघाली ना? कुणीही सांगितलं असतं, आधी केबल बदल." सांगितलं असतं खरं. पण ज्याला पैसे देऊन बोलावलं होतं त्याने मेनबोर्ड सांगितला, आणि त्याचाही तो अंदाजच होता. अंदाजाने केबल बदलायला दुकानात गेलं की दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली तीन हजारांची काढतो आणि "याने कलर खुलतात" असं सांगतो. डिजिटल चित्रात बिट पोचला तर पोचला, सोन्याच्या तारेने नातू गोरा दिसत नाही. बघायचंच असेल तर वेष्टनावरचं प्रमाणपत्राचं लेबल बघा. 'प्रीमियम हाय स्पीड' लेबलची केबल सेकंदाला १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते, २०१५ पासून ही पद्धत आहे, आणि लेबल फोनने स्कॅन करून खरंखोटं कळतं.

आता कुलपाबद्दल थोडं, कारण ज्यांच्याकडे पैसे भरून घेतलेली ॲप्स आहेत त्यांचा काळा पडदा पुष्कळदा या कुलपाचा असतो. एचडीसीपीच्या जुन्या पिढीत प्रत्येक उपकरणाकडे ५६ बिटांच्या ४० किल्ल्या असतात, आणि एकदा पत्रिका जुळवून भागत नाही, दर १२८ चित्रांनंतर पुन्हा ताळा घेतला जातो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर साधारण दर दोन सेकंदांनी! लग्नानंतर दर दोन सेकंदांनी "नक्की तूच ना?" असं विचारण्यासारखं आहे हे. एक ताळा चुकला की चित्र बंद, पुन्हा ओळखपरेड. आणि हे सगळं कशासाठी? त्या पिढीची मुख्य किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये जगजाहीर झाली, ती खरी असल्याचं इंटेलने मान्यही केलं. पुढे ४के साठी नवं कुलूप आलं, ते मध्ये बसवलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला उघडत नाही, की पुन्हा काळा पडदा. चोरीच्या फाइलीला कुलूपच नसतं, ती लोण्यासारखी चालते. म्हणजे चोराच्या हातात किल्ली, आणि घरमालक दाराबाहेर उभा! चित्रपट काढणाऱ्याने आपला माल जपावा, यात माझं काही म्हणणं नाही. पण पैसे भरलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवताना निदान "कुलूप उघडलं नाही" एवढं तरी सांगा. 'नो सिग्नल' काय?

सांगता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० मध्ये चुका मोजायची सोय ठेवलेली आहे. चित्राच्या तिन्ही वाहिन्यांना एकेक १५ बिटांचा काउंटर, वाहिनीवर चुकीचं अक्षर आलं की टीव्ही तो वाढवतो, आणि प्लेयरला तो आकडा त्याच दोन आय-टू-सीच्या तारांवरून वाचता येतो. बायोडेटाचा चेकसम चुकला तर प्लेयरला कळतं. हॉट प्लगची पिन खाली पडली तर कळतं. कुलूप फसलं तर कळतं, नाहीतर त्याने चित्र बंद केलंच नसतं. टीव्हीला आणि प्लेयरला मिळून एवढं सगळं माहीत, आणि मावशीला काय माहीत? चौकट डावीकडून उजवीकडे जाते.

तीन वाक्यं पुरेत हो. "केबलमधून चित्र खराब येतंय, केबल तपासा." "टीव्ही आणि प्लेयरचं कुलूप जुळलं नाही." "प्लेयर बंद आहे." मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत मेनू आहे त्या भाषेत. काही गिगाबाइट मेमरी असलेल्या टीव्हीत, जिथे चालू करताच जाहिराती दाखवायला जागा सापडते, तिथे या तीन वाक्यांना जागा नाही? रास्पबेरी पायचंच उदाहरण घ्या. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो, आणि मागे कधी असं झालं होतं का हेही एका कमांडमध्ये सांगतो. शिकण्यासाठी म्हणून काढलेला बोर्ड बोलतो, आणि पन्नास हजारांचा टीव्ही मौनव्रतात.

यावर एका सीनियरने मला ऐकवलं (तो एका कंपनीत फर्मवेअर लिहितो), "लोकांना आकडे दाखवले की ते घाबरतात. कॉल सेंटरला फोन वाढतात. त्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त." पहिली गोष्ट, आकडे दाखवा असं मी म्हणतच नाहीये, वाक्य दाखवा म्हणतेय. आणि दुसरी, अमेरिकेत १९९६ पासून विकायच्या प्रत्येक मोटारीत बिघाडाचा कोड वाचायची ठरावीक सोय ठेवणं सक्तीचं आहे. गाडी घाबरवत नाही, टीव्ही कसा घाबरवेल? वॉशिंग मशीनसुद्धा पाणी आलं नाही तर तसा कोड दाखवतं, आणि आमच्या समोरच्या आजी तो कोड बघून आधी टाकीचा व्हॉल्व्ह बघायला पाठवतात. गप्प बसणं स्वस्त पडतं हे मात्र शंभर टक्के खरं. कंपनीला. मावशीला ते साडेअकरा हजारांना पडणार होतं आणि चांगला बोर्ड भंगारात जाणार होता.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. पण त्याविषयी बोलताना सगळे सुट्या भागांबद्दल आणि मॅन्युअलबद्दल बोलतात. माझ्या मते दुरुस्तीचा हक्क स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याच्या आधी सुरू होतो: काय बिघडलंय हे कळण्याचा हक्क. ते कळलंच नाही तर सुटा भाग घेऊन काय करू, पूजा?

आणि आता जरा आपल्याच घरात डोकावू. तीन वर्षांत आपल्याला बिघाड शोधायला कुणी शिकवलं? प्रॅक्टिकलला आउटपुट आलं नाही तर आपण काय करतो? शेजारच्या टेबलावरचं किट घेतो. तेही चाललं नाही तर रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून घेतो आणि खाली लिहितो, "अशा प्रकारे आलेखाचा अभ्यास केला." एक्स्टर्नलही विचारतात, "याची व्याख्या सांगा." "हे चालत नाहीये, का ते शोधा," असं व्हायवात आजवर कुणाला विचारलंय? अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये बिघाड खरा शोधता येतो तो आमच्या लॅब असिस्टंट काकांना. ते प्रोब लावायच्या आधी विचारतात, "आधी चालत होतं का? मग मधे काय बदललं?" मावशीच्या घरी मी तेवढंच केलं. दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल असं हवं, ज्यात काकांनी किटमध्ये गुपचूप एक खोड करून ठेवायची, आणि मार्क खोड सापडल्याचे नव्हे, तर कसकशी शोधली त्या नोंदींचे. बोर्ड ऑफ स्टडीजपर्यंत हे कोण नेईल माहीत नाही, पण एचओडी सर हे मासिक वाचतात, असं ऐकून आहे.

तोवर आम्ही तिघी मैत्रिणींनी फायनल इयरचा विषय ठरवून टाकलाय. रास्पबेरी पाय टीव्हीमधले ते चुकांचे काउंटर वाचेल, हॉट प्लग आणि चेकसमवर नजर ठेवेल आणि काळं झालं की पुढच्या चित्रावर एक मराठी वाक्य उमटवेल. सगळ्याच टीव्हींमध्ये काउंटर वाचता येतात की नाही ते बघावं लागेल, गाइड सरांनी पहिली शंका तीच काढली. ते होईल तेव्हा होईल. सध्या आम्हाला खराब एचडीएमआय केबली हव्या आहेत, कारण बाजारात सगळ्या चांगल्याच मिळतात! घरी दुमडलेली, पिन वाकलेली, उंदराने कुरतडलेली, कशीही पडून असेल तर टाकू नका. ई अँड टीसीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये काकांकडे आणून द्या. सोबत एक चिठ्ठी मात्र हवी: काळं कधी व्हायचं, किती वेळ, आणि तेव्हा काय चालू होतं. चिठ्ठी नसलेली केबल काका घेणार नाहीत, त्यांना तसं सांगून ठेवलंय.